वयली चाल

महादेवाने त्या वर्षी चतुर्थीला गायचं नाही असं ठरवलं होतं. ठरवून झालं, बायकोला सांगून झालं, आणि तरीही पहिल्या दिवशी दुपारी तीन वाजता तो धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर पंचा टाकून घराच्या पायरीवर चपला शोधत होता.

"गाणार नाय म्हणालात मां?" यशोदा आतून म्हणाली. तिचे हात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठात होते.

"गाणार नायच. नुसतो बसान येतंय."

"नुसते बसतलात? तुमी?" ती तशीच दारात आली. "जावा, पण येताना चलत येव नका. परवा धारगळसून इलात ते ह्याच पायरेर अर्दो तास बसल्यात. माका वाटला, आता उठतत की नाय."

ते खरं होतं. बासष्ट वर्षांचं शरीर आता सकाळी उठतानाच दमलेलं असायचं. सव्वीस वर्षं त्याने मुळगावच्या आसपासच्या खाणींवर मालाचे ट्रक चालवले, लाल धूळ खाल्ली, लाल थुंकला. मग खाणी बंद पडल्या आणि ट्रकांबरोबर माणसंही जागच्या जागी उभी राहिली. आता तो धारगळला, हायवेवरच्या एका गोदामाच्या फाटकावर राखणदार होता. जाताना दोन बसगाड्या, येताना दोन बसगाड्या, आणि मधे दिवसभर फाटकाचा आडवा बांबू वर करायचा नि खाली करायचा. चतुर्थीसाठी त्याने पाच दिवसांची रजा घेतली होती. गायचं नव्हतं तर रजा कशाला, हे यशोदेने विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी न विचारण्याची अक्कल येतेच.

मुळगावच्या वरच्या वाड्यावर अठरा घरं आणि अठरा घरांची मिळून एक आरती मंडळी. दोन घुमटं, शामेळ नावाचा एक छोटा ढोल, कासाळ्यांची म्हणजे झांजांची एक जोडी आणि गाणारे सात-आठ गळे. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं. ते तान्ह्या पोरासारखं कुशीत घेऊन वाजवायचं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असे, आता सरकारच्या भीतीने बकऱ्याचं असतं, आणि त्यामुळे नाद गेला असं घुमटवाला गोकुळदास दर वर्षी न चुकता एकदा म्हणतो. चतुर्थीच्या पाच दिवसांत ही मंडळी घराघरांतून फिरते आणि प्रत्येक गणपतीपुढे आरत्या म्हणते.

या फिरण्याचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, पण मोडायची कोणाची छाती नाही. एक, ज्याचं घर त्याने पहिली ओळ एकट्याने उचलायची, मग बाकीचे धरणार. घरधन्याचा गळा फुटक्या कासाळ्यासारखा असला तरी मान त्याचाच. दोन, घरात पुरुष नसेल तर घरची बाई ज्याचं नाव घेईल त्याने उचलायची. तीन, मुख्य गाणाऱ्याचं घर सगळ्यांत शेवटी. एकदा स्वतःच्या घरात पाट मिळाला की तो पुढच्या घरी यायला उठत नाही, हा अनुभव.

मुख्य गाणारा होता बाबली. होता, कारण होळीचा शिगमो झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात तो दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. बाबलीचा आवाज भरदार, रुंद, एका पट्टीत चालणारा. त्याच्या आवाजावर आरती अशी चालायची की लहान पोरालाही शब्द न् शब्द कळावा. तो गायचा ती खालची चाल. आणि तिच्यावर, तिला न शिवता, कधी अर्ध्या ओळीने मागे राहून तर कधी पुढे धावून, एक बारीक उंच आवाज फिरत असायचा. त्या आवाजाला शब्द नसायचे. ओळीच्या शेवटचं अक्षर तेवढं धरायचं आणि त्याचा आकार वर वर नेत वळवायचा. वाड्यावर तिला वयली चाल म्हणत, नुसतं वयली म्हणत. वर गाते ती वयली. अडतीस वर्षं ती महादेवाने गायली.

ती सुरू कशी झाली म्हणाल तर रुसव्याने. दोघंही विशी-पंचविशीतले. मंडळीच्या म्हाताऱ्या बुवांनी मुख्य गाण्यासाठी बाबलीला निवडलं आणि महादेवाला म्हणाले, तुझा आवाज बायलेसारखा, तू कासाळी धर. मंडळी हसली. महादेवाने कासाळी धरली खरी, पण दुसऱ्याच घरात त्याचा जीव उसळला आणि बाबली ओळ टाकतो न टाकतो तोच त्याने वरून आ लावला. सगळं बिघडवायचं असाच त्याचा विचार होता. बिघडलं नाही. पुढच्या घरी बुवांनी कासाळी दुसऱ्याच्या हातात दिली, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

पण कळलं म्हणजे दखल घेतली असं नव्हे. लोक म्हणत, बाबलीची आरती. डिचोलीहून पाहुणे आले की म्हणत, बाबलीचं ऐकायचं. एकदा कोणाच्या तरी घरी आलेला शाळामास्तर बाबलीची पाठ थोपटून म्हणाला होता, "बाबली, तुझा आवाज म्हणजे दुमजली घर बघ!" महादेव शेजारीच बसला होता. बाबली हसला आणि पानाला चुना लावत राहिला. वरचा मजला माझा नाही, एवढं सांगायला किती वेळ लागतो? तेवढाही त्याने काढला नाही.

आणि एक तर त्याहून जिव्हारी लागलेलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी बाबली देवळात, भर गर्दीत, आरतीचं मधलं कडवं विसरला होता. भटजींनी शब्द पुरवले तेव्हा गाडी पुढे सरकली. बाबलीला ताप होता असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी देवळात उभं राहताना बाबली सगळ्या मंडळीदेखत म्हणाला, "महादेवा, आज वयली नाका. लोकांका शब्द आयकाक जाय." महादेव त्या दिवशी गायला नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. नंतरच्या वर्षी बाबलीने ओळ टाकता टाकता हनुवटी उचलून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा गायला लागला. त्याबद्दल दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही. एकमेकांच्या शेतात राबले, एका ट्रकमधून फिरले, एका तंबाखूच्या डबीत बोटं घातली, पण ते नाही. पुरुषांची मैत्री म्हणजे कधी कधी निव्वळ मुकाट्याने बसण्याची सवय.

म्हणून महादेवाच्या मनात एकच प्रश्न राहिला होता, आणि तो त्याला आता खाणीच्या धुळीपेक्षाही जास्त दमवत होता. अडतीस वर्षं मी वर गायलो, ते कोणाला ऐकू आलं का? लोकांचं सोडा. बाबलीला आलं का? की त्याला ती वर्षानुवर्षं घोंगावणारी माशीच वाटली, आणि भिडेखातर त्याने हाकलली नाही? विचारायचं राहिलं, आणि ज्याला विचारायचं तो गेला.

पहिल्या घरी मंडळीने त्याला पुढे बसवलं. सगळ्यांत जुना तोच, बाबलीच्या खांद्याला खांदा लावून बसणारा तोच, तेव्हा आता मुख्य तोच, असा सरळ हिशेब. "मी नाय रे," तो म्हणाला. "गळो चलना नाय."

"तुझो गळो नाय चललो तर कोणाचो चलतलो?" गोकुळदास घुमटाचं कातडं तळहाताने चोळत म्हणाला. "ओढ मरे. तुका काय पाठ नाय?"

पाठ होतं. शब्द न् शब्द पाठ होता. घरधन्याने पहिली ओळ कशीबशी उचलली आणि महादेवाने दुसरी धरली. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज न सांगता वर गेला. त्याने खाली ओढून आणला, तो पुन्हा वर गेला. गोठ्याची सवय झालेली म्हैस दावं सोडलं की तिकडेच वळते, तसं झालं. खालच्या चालीत राहायचं कसं, हे त्याने आयुष्यात कधी केलंच नव्हतं. ती त्याने फक्त ऐकली होती. तिच्यावर उभा राहिला होता. मागचे लोक कोणाला धरावं या गोंधळात कोणी वर, कोणी खाली, कोणी गप्प. घुमटवाल्यांचे हात थांबले. घरच्या बायका स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"ऱ्हवांदी," महादेव म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "शिवदासा, तू बस पुढे."

शिवदास म्हणजे बाबलीचा पुतण्या, चाळिशीचा, डिचोलीत इलेक्ट्रिकचं दुकान. मागच्या वर्षी बाबली गाताना त्याने मोबाइलवर सगळ्या आरत्या भरून घेतल्या होत्या आणि महिनाभर दुकानात लावून पाठ केल्या होत्या. आवाज बरा, माणूस मेहनती. त्याने खालची चाल धरली आणि मंडळी पुढे चालली.

दुसऱ्या घरी महादेवाने सवयीने वयली लावून पाहिली. तो वर गेला आणि बघतो तर काय, शिवदास आपली चाल टाकून त्याच्या मागोमाग वर! बिचाऱ्याला वाटलं, काका रस्ता दाखवतायत. दोघंही वर लोंबकळले आणि खाली कोणीच नाही. बाबली असा कधी हलला नव्हता. वर महादेव कितीही नाचला तरी खाली तो आपला अंगणासारखा सपाट पसरलेला. महादेवाने आ मिटला आणि त्यानंतर तो गायलाच नाही. ओठ हलवत बसला.

आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. हे त्याला लागलं. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. सोळा घरं झाली, सतरा झाली. लोकांनी नेवऱ्या दिल्या, चहा दिला, उसळ-पाव दिला, शिवदासला शाबासकी दिली, "बाबली आठवलो बघ," म्हणून डोळे पुसले. महादेवा, आज तुझी वयली कशी नाही रे, असं सतरापैकी एका घरानेही विचारलं नाही. तो घरी येऊन पायरीवर बसायचा, यशोदा गरम पाण्याची बादली पुढे ठेवायची, आणि तो पाय पाण्यात सोडून बघत राहायचा. उत्तर मिळालं होतं. ऐकू आलं असतं तर बंद पडल्यावर कळलं असतं की नाही?

पाचव्या दिवशी सकाळी तो यशोदेला म्हणाला, "आज बाबलीच्या घरात शेवटची आरती. मगे मंडळीक सांगतंय. फुडल्या वर्साक माका बोलावू नका."

"सांगा," ती म्हणाली. "पण रुक्मिणीवहिनीच्या घरात तोंड पाडून बसू नका. तिचा पयला वरस."

बाबलीचं घर वाड्याच्या टोकाला, ओहोळाच्या वरच्या अंगाला. मंडळी पोचली तेव्हा चार वाजले होते, पाऊस थांबून ऊन आलं होतं आणि अंगणातली चिखलाची पावलं सुकत होती. गणपती लहान आणला होता. त्याच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची माटोळीही अर्धीच बांधलेली, चार नारळ, दोन तोरिंजनं, रानातल्या थोड्या फळांचे घोस. बाबली असताना ती माटोळी इतकी जड असायची की आढं कुरकुरायचं. मुलगी लग्न होऊन हरमलला, ती सकाळी येऊन हातभार लावून गेली होती. घरात पुरुष नव्हता. रुक्मिणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पांढरट लुगड्यात, हाताला अजून ओलं पीठ. सगळे बसले. बाबलीची कदेल, त्याची नेहमीची खुर्ची, भिंतीशी होती. तिच्यावर कोणी बसलं नाही.

"वहिनी," गोकुळदास घसा साफ करून म्हणाला, "पयली ओळ कोणी उचलूची, नाव घे."

सगळ्यांना वाटलं शिवदास. घरचाच पुतण्या, आणि चार दिवस गाणाराही तोच. त्याने मांडी सावरलीसुद्धा.

"महादेव भावोजींनी," रुक्मिणी म्हणाली.

महादेवाने मान वर केली. "वहिनी, माका खालची येना नाय. पयल्या घरात सगळ्यांनी बघितल्यानी."

"खालची कोणी मागल्यान तुमच्याकडे? वयली गावा."

मंडळीत चुळबुळ झाली. महादेवाला क्षणभर वाटलं, ही आपली थट्टा करते आहे. पण बाईचा चेहरा थट्टेचा नव्हता. "वहिनी," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "खाली कोण नसताना वयली कसली? ती काय आरती? तिका शब्द पण नाय."

"आमच्या घरात तीच आरती," ती म्हणाली. मग तिने दाराच्या चौकटीला हात धरला आणि आधी कोणालाच कधी न सांगितलेलं असावं अशा पद्धतीने, तुटक तुटक, बोलायला लागली. "भावोजी, घरात ते खालची कधी म्हणूक नाय. न्हाताना, गोरवांक गवत घालताना, जनेलाकडे बसान दाढी करताना, सगळा वयलीच. आवाज पोचायचो नाय, मधीच फाटायचो. मी म्हणायचंय, कित्याक घसो फोडतात? तर म्हणायचे, महादेव खयसून वर जाता ता माका सापडना नाय. वरसां गेली, सापडूक नाय."

शामेळावर कोणाचं तरी बोट वाजलं आणि थांबलं.

"आणि देवळात?" महादेवाच्या तोंडून निघालं. पंचवीस वर्षं गिळलेलं ते असं सगळ्यांसमोर बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. "देवळात माका सांगल्यान, वयली नाका म्हणान. लोकांका शब्द आयकाक जाय म्हणान."

"मगे काय करतले?" रुक्मिणी म्हणाली. "आदल्या वर्साक कडवा विसारले नाय भर देवळात? ताप होतो म्हणतत लोक. कसलो ताप! घरात येवन माका सांगल्यानी, महादेव वर गेलो काय माझा आयकणा थय वर जाता, आणि शब्द जातत. रोज मी कसो तरी सांबाळतंय, देवळात जमूक नाय. फुडल्या वर्साक भियान तुमका गप केल्यानी. आणि त्या रातीक जेवले नाय."

"माका सांगूचा नाय कित्याक मगे?"

"मी म्हणा होतंय सांगा म्हणान. तर म्हणायचे, सांगलंय तर तो समजान गातलो. आता गाता तसोच गावंदी."

महादेवाला राग आला. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण आधी राग आला, आणि तो मोठा होता. अडतीस वर्षं! एक शब्द टाकला असता तर हा माणूस धुळीतून घरी येताना जरा ताठ चालला असता. पानाला चुना लावत बसला लेकाचा. आणि आता भांडायलाही शिल्लक नाही. त्याने बाबलीच्या रिकाम्या कदेलीकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पंच्याने पुसले आणि लपवायचा प्रयत्न केला नाही.

"वाजव," तो गोकुळदासला म्हणाला.

घुमट सुरू झालं. महादेवाने एकट्याने वयली लावली. खाली काहीच नव्हतं. लोकांना आधी ते चमत्कारिकच वाटलं असणार, शब्द नाहीत, ओळ नाही, नुसता एक बारीक आवाज माटोळीच्या नारळांमधून वाट काढत वर चाललेला. पण वाड्यावरची माणसं अडतीस वर्षं ऐकत आली होती. कान देऊन ऐकलं नसेल, पण कानांवरून गेलं होतं. गोकुळदासचे हात घुमटावर आपोआप हळू झाले. शिवदास मोबाइल काढायला निघाला होता, तो खिशातच राहिला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं वळण सगळ्यांत अवघड. तिथे आवाज एकदा खाली वाकवायचा, जरा दम धरायचा आणि त्या वाकण्याच्या जोरावर वर न्यायचा. वर जाण्याचं सगळं गुपित त्या वाकण्यात होतं. महादेव वाकला, आणि वर जायला छातीत हवाच उरली नाही. खाणीची सव्वीस वर्षं तिथे बसली होती. आवाज चिरला आणि थांबला. तो तोंड उघडं ठेवून, हात गुडघ्यावर टेकून श्वास घेत राहिला. संपलं, त्याला वाटलं. सांगायची गरजसुद्धा उरली नाही, सगळ्यांनी बघितलं.

घुमट मात्र थांबलं नाही. आणि त्याच्या तालावर स्वयंपाकघराच्या दारातून वयली पुढे निघाली.

रुक्मिणी गात होती. वाड्याच्या मंडळीत बाई कधी गायली नव्हती, पण त्या क्षणी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिचा आवाज चांगला नव्हता. कोरडा होता, खरखरीत होता, पण उंच होता, आणि त्याला वाट माहीत होती. तिने सुरुवातीपासून घेतली. पहिलं वळण, दुसरं वळण. महादेवाला वाटलं, आपणच जरा लांब उभं राहून आपल्याला ऐकतो आहोत. वर कोणीतरी आहे म्हटल्यावर खाली कोणी नको का? बाई एकटी किती वेळ धरणार? त्याने श्वास घेतला आणि पहिल्या ओळीचे शब्द टाकले.

आणि आवाज जागेवर राहिला. वर गेला नाही. दुसरी ओळ टाकली, तिसरी टाकली, ज्या तिसऱ्या ओळीने पहिल्या घरी त्याची फजिती केली होती तीही सरळ गेली. वरची जागा भरलेली होती, त्याला तिथे जायचं कारणच नव्हतं. बासष्टाव्या वर्षी महादेव पहिल्यांदा खालची चाल गात होता. मंडळीने ती धरली. शामेळ आलं, कासाळी आली, घर भरलं. आणि वयली खालून कशी ऐकू येते हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, कारण आजवर तो तिच्या आत होता.

मग रुक्मिणी तिसऱ्या वळणावर आली. ती वाकली नाही. वाकायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. ती सरळ वर गेली, जाईल तेवढी गेली, आवाज फाटला, आणि ती खाली येऊन पुन्हा पहिल्या वळणाला लागली. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच जागी, तितक्याच जोराने, तशीच फाटली. महादेव गाता गाता तिच्याकडे बघत राहिला. ही चूक तिची नव्हती. ती चूक तिने ऐकून ऐकून पाठ केली होती. वर्षानुवर्षं न्हाणीत, गोठ्यात, खिडकीशी दाढी करताना, भरदार रुंद आवाजाचा एक माणूस या तिसऱ्या वळणावर असाच येऊन आपटत होता, आणि वाकायचं असतं एवढं विचारायला त्याला लाज वाटत होती.

पहिलं कडवं संपलं. घुमटाने फेरा घेतला आणि दुसऱ्या कडव्याची जागा आली. मंडळी महादेवाच्या तोंडाकडे बघून थांबली. त्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही निघेना. अडतीस वर्षांचं पाठ, स्वतःच्या नावासारखं पाठ, आणि एक अक्षर आठवेना. दारातली वयली मात्र चालूच होती.

शिवदास पुढे वाकला आणि त्याने कडव्याचा पहिला शब्द हळूच सांगितला. मग जरा मोठ्याने सांगितला. महादेवाला तो ऐकू आला नाही. त्याचं ऐकणं वर गेलं होतं.